लीलाधर बोरसे आणि मागचं दार

लीलाधर नथ्थू बोरसे यांनी घराचा नकाशा पसंत करायला एक वर्ष सात महिने घेतले. तेवढ्या वेळात माणसं लग्न करून बाप होतात. मी तेव्हा जळगावात एका इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. साहेब सही करायचे, सहीच्या आधीचं सगळं मी करायचो. हे एकोणीस महिने माझ्याच टेबलावर गेले, तेव्हा बोरसेंबद्दल बोलायचा हक्क मला इतरांपेक्षा जरा जास्त आहे. काही चांगलं आठवलं तर तेही सांगेन, पण त्याची वाट बघू नका.

पहिले सहा महिने मी त्यांना अहो-जाहो करत होतो. आता सांगताना ते जमणार नाही. बोरसे बेचाळीस वर्षांचा होता, गाव नरडाण्याजवळचं, नोकरी जळगावात. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तो बसायचा. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्याचा असा समज झाला होता की आपण शिक्का मारल्याशिवाय जगात काही खरं होत नाही. अंगात बिस्किटी रंगाचा सफारी, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. आपल्याशी बोलताना तो आपल्या खांद्यावरून मागे बघायचा, कोणी मोठा माणूस येतोय का म्हणून.

पंच्याऐंशी साली त्यानं पिंप्राळ्याला प्लॉट घेतला, तीस बाय पन्नासचा. तेव्हापासून दर रविवारी लुना काढायची आणि लोकांची घरं बघत हिंडायचं, हा त्याचा धंदा झाला. जिथे नवा रंग दिसेल तिथे फाटकाची कडी वाजवायची आणि पाणी मागायचं. खानदेशात उन्हाचा आलेला माणूस पाणी मागतो तेव्हा कोणी नाही म्हणत नाही, आणि पाणी द्यायचं म्हणजे आधी आत बसवायचं. हा आत बसला की पेला बाजूला ठेवून दाराची चौकट वितीनं मोजायचा. वीत मोजून झाली की वही काढायचा. एका रविवारी आपण सहा घरांत पाणी प्यालो, असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं होतं. त्या पाण्याचं पुढे काय होतं, याची त्याला कधी काळजी नव्हती. पुरुष माणूस, कुठल्याही बाभळीमागे जाऊ शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ती वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, वर पुठ्ठा, आत धुळ्याच्या कुठल्या डॉक्टरच्या पोर्चचे खांब, शिरपूरच्या कापूस व्यापाऱ्याच्या गच्चीची जाळी, कोणा रेल्वेवाल्याच्या हॉलमधलं काचेचं शोकेस, कमानी तर अकरा प्रकारच्या. हे सगळं एका घरात बसवून द्या, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, तुमचं स्वतःचं काय आहे यात? तर म्हणाला, प्लॉट माझा आहे ना. या उत्तरावर मला त्या दिवशी राग आला होता. आता वाटतं, एकोणीस महिन्यांत तो एवढंच एक खरं बोलला.

पोर्च त्याला गाडीसाठी हवा होता. गाडी नव्हती. लुनासाठी एवढा पोर्च लागत नाही, हे मी नीट समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला की उद्या कचेरीचे नाशिकचे साहेब आले तर त्यांची गाडी उन्हात उभी करायची का. न आलेल्या साहेबांच्या न दिसलेल्या गाडीसाठी या माणसानं प्लॉटचे पुढचे दहा फूट देऊन टाकले. मग हॉल आला. हॉलमध्ये तीस माणसं बसली पाहिजेत, शोकेस समोरच्या भिंतीला पाहिजे, म्हणजे दारातून आत येणाऱ्याची नजर आधी शोकेसवर पडेल. हॉलच्या मागे एक झोपायची खोली, तिच्या शेजारी उरलेल्या जागेत स्वयंपाकघर. स्वयंपाकघराबद्दल त्याच्या वहीत एकही पान नव्हतं. पाणी मागायला गेलेला माणूस लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, आणि पोचला असता तरी तिथे लिहून घेण्यासारखं त्याला काही दिसलं नसतं.

त्याची बायको सुगंधाबाई एकदाच आमच्या ऑफिसात आली. ती दोघं डॉक्टरकडून येत होती. तिला बाकावर बसवून बोरसे खाली पान खायला गेला. काळी, उंच बाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, बोलेल असं वाटत नव्हतं. बोरसेच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पूर्ण गेल्यावर ती उठून टेबलाशी आली.

"भाऊ, मांगलं दार काढं ना?"

मी म्हटलं, काढलंय, हे बघा. नकाशा तिला वाचता येत नव्हता, पण तिनं तो आमच्या इंजिनिअर साहेबांपेक्षा चांगला वाचला. संडास कोणता ते विचारलं. तो मागच्या कोपऱ्यात, घरापासून चार हात सुटा काढलेला होता. मग स्वयंपाकघर विचारलं. मग मी दाखवलेल्या दारावर बोट ठेवून ती म्हणाली, "हाई का?" मी हो म्हटलं. तिनं बोट उचललं नाही, तसंच दारातून बाहेर संडासापर्यंत सरकवत नेलं. कागदावर ते दीड इंच अंतर होतं. तिथे बोट थांबलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुखच म्हणेन.

"मंग बाकी काहीबी करा," ती म्हणाली.

मी म्हटलं, काळजी करू नका वहिनी, दार राहील. मी असं म्हटलं होतं, हे मला पुढे सारखं आठवत राहिलं.

एवढं काय त्या दारात, ते तिच्या सासूनं, झुंबरबाईंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पंधरा वर्षं ही माणसं जळगावातल्याच जुन्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथला संडास घरमालकाच्या ओट्याच्या पलीकडे, आणि ओट्यावर सकाळ-संध्याकाळ मालकाची पत्त्यांची मंडळी. बोरसेंच्या घरातल्या सुना बसलेल्या मोठ्या माणसांसमोरून जात नाहीत. पदर कितीही पुढे ओढला तरी जात नाहीत, आणि हातात टमरेल घेऊन तर नाहीच नाही. म्हणजे डाव संपेपर्यंत थांबायचं. सुगंधाबाईनं पाणी कमी प्यायची सवय लावून घेतली होती, आणि ती जळगावच्या मे महिन्यात. मुतखडा झाला. त्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं होतं की पाणी भरपूर पीत जा. पाणी पिऊन जायचं कुठून, हे डॉक्टरनं विचारलं नव्हतं आणि नवऱ्यानं सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात बोरसे कचेरीच्या कामानं नाशिकला गेला आणि साहेबांच्या घरी जेवून आला. तिथून परत आला तो वेगळाच माणूस. वहीत नवीन पान होतं, लाल पेनानं. साहेबांच्या घराला एकच दार आहे, म्हणाला. पुढचं. मागं दारच नाही. मोठ्या लोकांची घरं अशीच असतात, मागचं दार हे खेड्याचं लक्षण, चोराची सोय. मी विचारलं, साहेबांचं घर कसं आहे? तर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी म्हटलं, अहो, दुसऱ्या मजल्यावरून मागच्या दारानं निघालेला माणूस सरळ खाली जाईल, त्याला दार कशाला ठेवतील? त्याला हे विनोदी वाटलं नाही. मागची भिंत सलग घ्या, फक्त खिडकी ठेवा, म्हणाला. दार काढून टाका.

मग मी म्हटलं, ठीक आहे, साहेबांसारखंच करायचं तर संडासही साहेबांसारखा आत घेऊ. यावर तो असा दचकला की मी जणू देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. देवघर असलेल्या घरात संडास? आमचे वडील, आबा, या घरात पाण्याला शिवणार नाहीत. संडास बाहेरच, मागच्या कोपऱ्यात, गावाकडे असतो तसा. म्हणजे दार नाशिकचं आणि संडास नरडाण्याचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक बाई, जिला स्वयंपाकघरातून निघून हॉलमधून, पुढच्या दारातून, पोर्चमधून, बाजूच्या तीन फुटी बोळातून घराला वळसा घालून तिथे जायचं होतं जिथून ती आधीच चार हातांवर होती. मी हे त्याला पेन्सिलनं रेघ ओढून दाखवलं. त्यानं रेघ बघितली आणि म्हणाला, चालणं तब्येतीला चांगलं.

मी दार काढून टाकलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडावी लागते, हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. दहा मिनिटं लागली. आमच्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, पार्टी म्हणेल तसं काढ, घर आपलं नाही. मीही तेच म्हणालो. बोरसेला नावं ठेवायला मला आजही मजा येते, पण ब्लेड त्याच्या हातात नव्हतं, माझ्या हातात होतं, आणि त्या बाईला शब्द मी दिला होता. याला भित्रेपणा म्हणतात. ते सांगून टाकलं की पुढचं सांगायला मोकळा.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर लाइन टाकली. म्हणजे नकाशा जमिनीवर उतरवायचा, दोऱ्या ताणून चुन्याच्या फक्कीनं सगळ्या भिंती आखायच्या. मोकळ्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. वर आभाळ असतं, आजूबाजूला रान असतं, त्यात दहा बाय बाराची खोली पोळपाटाएवढी वाटते. भिंती उठल्या की ती मोठी होते. हे मी प्रत्येक पार्टीला आधी सांगतो, आणि प्रत्येक पार्टी ऐकून न ऐकल्यासारखं करते. बोरसे हॉलच्या चौकोनात उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, एवढाच? तीन वेळा त्यानं चुना पुसायला लावला, तीन वेळा हॉल मागे सरकला, आणि तीन वेळा स्वयंपाकघर आखडलं. गवंडी हनीफ मिस्त्री फक्कीचं घमेलं घेऊन उभा होता. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

नारळ फोडायला सुगंधाबाई आली होती. नारळ झाल्यावर बोरसे म्हणाला, जा, घर बघून ये. तिनं ते घर खरोखरच्या घरासारखं पाहिलं. चुन्याच्या रेघेवर कुठे पाय दिला नाही, जिथे दाराची मोकळी जागा सोडली होती तिथूनच आत गेली. हॉलमधून खोलीत, खोलीतून परत हॉलमध्ये, मग स्वयंपाकघरात. तिथे क्षणभर उभी राहिली, जमिनीवर बसून भाकरी थापायला हात फिरतो का ते पाहिलं, उठली आणि सरळ मागच्या बाजूला चालत निघाली. रेघ ओलांडली. ती संडासाच्या खड्ड्याकडे चार पावलं गेली तोवर बोरसे ओरडला की अगं तिथे भिंत आहे, भिंतीतून कुठे चाललीस.

ती थांबली. आधी खाली रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओळंबा बघत असल्यासारखं केलं. मग ती परत चौकोनात आली आणि नवऱ्याला तिनं विचारलं, चार लोकांत, मोठ्या आवाजात नाही, पण विचारलं.

"हॉलमा बठ्ठा माणसं बठेल ऱ्हातीन, तवय मी कोठून जासू?"

बोरसे हसला. माणसं काय रोज बसतात का, म्हणाला. ज्यानं आताच माणसं बसावीत म्हणून तीन वेळा हॉल वाढवून घेतला होता, तो हे म्हणाला.

बांधकाम सहा महिने चाललं. बोरसे रोज संध्याकाळी यायचा आणि हनीफला वहीतली पानं दाखवायचा. हनीफ शांत माणूस, दर वेळी हो म्हणायचा आणि आपल्याला हवं तसं करायचा, म्हणून ते घर अजून उभं आहे. एक दिवस मी साइटवर गेलो तर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत, खिडकीच्या बाजूला, साडेसहा फुटांवर लिंटेल ओतलेलं दिसलं. लिंटेल म्हणजे दाराच्या डोक्यावरची सिमेंटची तुळई. वरच्या भिंतीचं वजन ती पेलते, म्हणून खालून रिकामं ठेवता येतं. इथे खाली दार नव्हतं, सलग विटा होत्या. मी हनीफला विचारलं, हे काय? तो म्हणाला, सळई उरली होती. मी विटांच्या सांध्यात नख घातलं. सिमेंट नव्हतं, नुसती माती होती.

हनीफ म्हणाला, "आमच्या घरी पण बाया आहेत भाऊ. आज नाही तर उद्या हे फोडायला लागेल."

त्याची बायको अकबरी त्याला डबा घेऊन यायची तेव्हा सुगंधाबाई तिच्याशी बोलत बसायची, हे मी पाहिलं होतं. त्या काय बोलल्या मला माहीत नाही. मातीच्या सांध्यांचं मी आमच्या साहेबांना सांगितलं नाही, बोरसेला सांगितलं नाही. सुगंधाबाईला मात्र सांगायला हवं होतं, ते सांगायलाही मला तोंड नव्हतं. वर प्लास्टर झालं आणि भिंत इतर भिंतींसारखी दिसू लागली.

वास्तुशांत अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, भर उन्हात केली. गावाकडून टेम्पो भरून माणसं आली. लीलाधरचे वडील नथ्थू आबा, त्यांचे भाऊबंद, वरच्या आळीचे म्हातारे. दारात मांडव होता, गार हवा होती म्हणता येणार नाही पण सावली होती. पण बोरसेला माणसं हॉलमध्येच बसवायची होती, पंख्याखाली, शोकेससमोर. सकाळी आठला होमाला सुरुवात झाली तेव्हापासून हॉलमध्ये तीस माणसं बसली ती हलली नाहीत. स्वयंपाकघरात सुगंधाबाई, झुंबरबाई आणि दोन नणंदा पहाटेपासून बट्ट्या तळत होत्या. एक स्टोव्ह, दोन शेगड्या आणि आखडलेलं स्वयंपाकघर. त्या उष्म्यात माणूस पाणी प्यायल्याशिवाय राहूच शकत नाही.

होम झाल्यावर बोरसेनं आलेल्यांना घर दाखवलं. ही कमान धुळ्याच्या डॉक्टरकडली, ही जाळी शिरपूरची, असं तो प्रत्येक वस्तूचं माहेर सांगत होता. म्हातारे माना डोलावत होते. शोकेसमध्ये एक प्लॅस्टिकचा ताजमहाल आणि कचेरीतून मिळालेलं घड्याळ होतं. बाकीचे तीन खण रिकामे होते. मला त्यानं पहिल्या पंगतीत आबांच्या समोर बसवलं, नकाशा यांनीच काढला म्हणून ओळख करून दिली, आणि लगेच म्हणाला की कल्पना सगळी माझी.

पत्रावळी मांडेपर्यंत दीड वाजला. आतून झुंबरबाईंनी पडद्याआडून लीलाधरला हाक मारली आणि माणसांना जरा वेळ मांडवात बसव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पंगत होऊ दे. वरण-बट्टी वाढून झाली, घोटलेल्या वांग्यांची भाजी आली, तेव्हा परत हाक आली. तो म्हणाला, बसलेली पंगत उठवू का आता? दुसरी पंगत बसायच्या आधी बघू. मला पडद्याच्या खाली उभी असलेली पावलं दिसत होती. ती एका जागी स्थिर नव्हती. ती कोणाची पावलं आहेत ते मला कळलं.

पडदा बाजूला झाला. सुगंधाबाई बाहेर आली. पदर नीट डोक्यावर, हातात टमरेल. दोन ओळींच्या मधून, जिथून वाढपी जातात तिथून, ती चालत निघाली. घाई नाही, खाली मान नाही. तीस माणसांचं जेवण थांबलं. पंखा तेवढा फिरत होता. सासऱ्यासमोरून गेली, चुलत सासऱ्यांसमोरून गेली, शोकेससमोरून गेली, पुढच्या दारातून पोर्चमध्ये उतरली. साहेबांच्या गाडीच्या जागेत ठेवलेल्या चपला ओलांडून ती बोळात वळली आणि मग तिची पावलं भिंतीच्या पलीकडून, बाजूनं, मागे जाताना ऐकू आली. घर लहान होतं, सगळं ऐकू येत होतं.

लोकांनी पुन्हा घास उचलला. कोणीतरी उन्हाबद्दल काही बोललं. बोरसे आणखी वरण आणा म्हणून आत ओरडला. ती परतही इथूनच येणार आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती आली. परत तीच वाट, तेच टमरेल, आता रिकामं, पदर तसाच. या वेळी कोणी वर बघितलं नाही, सगळे पत्रावळीत बघत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती पोचली आणि तिथे उभ्या असलेल्या सासूच्या हातात तिनं ते टमरेल दिलं. झुंबरबाई, सत्तरीची बाई, पन्नास वर्षांत नवऱ्याच्या भावांसमोर जिचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, ती टमरेल घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. एक पाऊल बाहेर टाकलं, आणि मागे घेतलं.

नथ्थू आबांनी हातातली बट्टी खाली ठेवली.

"लीलाधर, मांगलं दार कोठे शे?"

बोरसेनं इकडेतिकडे पाहिलं, जणू दार कुठेतरी ठेवून विसरलाय. मग त्याची नजर माझ्यावर आली. वीस वर्षं जावक करणारा माणूस, कागद दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायला त्याला वेळ लागत नाही.

"ड्राफ्समननी काढंच नही," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. मी काय बोललो असतो कोण जाणे, बहुतेक काहीतरी मधलं, दोघांनाही सांभाळणारं. पण माझ्याआधी उंबऱ्यावरून सुगंधाबाई बोलली, सासऱ्याच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा.

"भाऊनी काढेल व्हतं. मी त्यावर बोट ठेवेल व्हतं."

एवढंच. पुसलं कोणी, ते ती म्हणाली नाही. तिनं ना त्याचं नाव घेतलं ना माझं. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

आबा पंगतीतून उठले. घरचा म्हातारा ताटावरून उठला म्हणजे पंगत मोडली, सगळ्यांना उठावं लागलं. ते हात न धुताच स्वयंपाकघरात गेले, मागच्या भिंतीसमोर उभे राहिले आणि पहार मागितली. हनीफ मांडवात जेवायला बसला होता, त्याला कोणीतरी बोलावून आणलं. तो भिंतीकडे पाहून म्हणाला, पहार नको आबा, हातोडी पुरे. प्लास्टरवर चार घाव घातले, मग विटा हातानं काढून एकावर एक रचत गेला. एक वीट फुटली नाही. वरची भिंत जागची हलली नाही. पाव तासात माणूसभर उंचीचं भोक पडलं आणि दुपारचं ऊन सरळ आत शेगड्यांपर्यंत आलं. झुंबरबाई त्यातून टमरेल घेऊन बाहेर गेली. दुसरी पंगत तासभर उशिरा बसली आणि ती मांडवात बसली.

बोरसे तेवढा वेळ हॉलमध्ये शोकेसची काच पुसत होता. विटांची धूळ तिथपर्यंत आली होती.

त्या भोकाला पुढे चौकट बसली, सागवानी, हनीफनं पुण्य म्हणून फुकट बसवून दिली. चार-पाच वर्षांनी मी पिंप्राळ्याला दुसऱ्या एका पार्टीचं काम बघायला गेलो होतो. बोरसेनं मला पोर्चमधून पाहिलं आणि आत ओढून नेलं. साहेबांची गाडी काही आली नव्हती. पोर्चमध्ये लुना होती आणि लुनावर वाळत घातलेला टॉवेल. घरात एक नवीन जोडपं बसलेलं होतं, बांधायला निघालेलं, हातात वही. त्यांना तो घर दाखवत होता. शोकेस झालं, कमान झाली, मग त्यांना तो थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला.

मागच्या दाराशी उभा राहून, चौकटीला हात लावून तो त्यांना म्हणाला की घराला मागचं दार पाहिजेच, बायामाणसांची सोय आधी बघावी लागते, माझी सुरुवातीपासूनची कल्पना होती ही, नाशिकच्या आमच्या साहेबांकडेसुद्धा असं दार नाही. त्या माणसानं वितीनं चौकट मोजली आणि लिहून घेतलं.

सुगंधाबाई त्याच दाराच्या पायरीवर बसून ज्वारी पाखडत होती. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता. तिनं मान वर केली नाही, फक्त तिघांना जायला वाट द्यावी म्हणून सूप जरा बाजूला सरकवलं.